टक्कल पडायला लागलंय? तेल बदलण्याआधी हे वाचा

पंचविशीत कपाळ वर सरकायला लागलं की घरचे आधी हेल्मेटला दोष देतात, मग बोअरच्या पाण्याला, मग रात्री मोबाईल बघत जागण्याला. पुरुषांच्या नेहमीच्या टकलाशी यातल्या कशाचाच फारसा संबंध नाहीये. जड पाण्यानं केस राठ होतात, तुटतात, एवढंच. खरा उद्योग डीएचटी नावाच्या हार्मोनचा आहे. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासूनच ते बनतं, आणि ज्यांच्या केसांच्या मुळांना जन्मापासूनच त्याचं वावडं असतं त्यांची मुळं आकसत जातात, म्हणजे जाड केस गळतो, त्या जागी जरा बारीक येतो, त्याच्यानंतरचा अजून बारीक आणि शेवटी नुसती लव उरते. टेस्टोस्टेरॉन नॉर्मल असलं तरी हे होतं. आणि मामाला टक्कल म्हणून भाच्याला होणारच असंही नाही, एक महत्त्वाचा जीन आईकडून येतो हे खरं, पण वडिलांकडचेही बरेच असतात.

आधी हे तेच आहे का ते बघा. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नॉर्मल आहे, बाथरूमच्या जाळीत अडकलेले मोजत बसू नका. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे चाललेत किंवा टाळूवर विरळ होतंय आणि मागची, कानावरची बाजू मात्र दाट आहे, तर बहुतेक तेच. डेंग्यू, टायफॉइड, ऑपरेशन किंवा उपाशी राहून केलेलं डाएट, यानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून मुठीनं केस येतायत तर ते प्रकरण वेगळं, ते सहसा आपोआप भरून येतं. नाण्याएवढा गोल चट्टा पडला तर ती चाई, तिचे उपचारच वेगळे. शंका असेल तर स्किनच्या डॉक्टरांकडे जा, ते लागलं तर थायरॉइड, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) वगैरे टेस्ट सांगतील. जाण्याआधी एकाच उजेडात, कोरड्या केसांचे, समोरून आणि वरून फोटो काढून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी तसेच काढा. रोज आरशात बघून काही कळत नाही, फक्त डोकं फिरतं.

आता औषधं. मिनॉक्सिडिल हे मुळात ब्लड प्रेशरचं औषध, गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगभर केस यायला लागले तेव्हा ते डोक्याला लावायचा विचार सुरू झाला. पुरुषांसाठी सहसा ५ टक्क्यांचं, १ मिली, दिवसातून दोनदा. कोरड्या टाळूवर लावायचं, केसांना चोपडायचं नाही (निम्मे लोक इथेच औषध वाया घालवतात), हात धुवायचे, चारेक तास डोकं भिजवायचं नाही, वाळल्याशिवाय उशीवर टेकायचं नाही. घरात मांजर असेल तर फारच जपा, मांजरांना ते विषारी आहे. सुरुवातीचे काही आठवडे केस उलट जास्त गळतात, बरेच जण तिथेच घाबरून बाटली फेकतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की मिळवलेलं काही महिन्यांत जातं. हार्टचा त्रास किंवा बीपी असेल तर आधी विचारा.

फिनास्टेराइड मूळ कारणावरच घाव घालतं, १ मिलिग्रॅमच्या रोजच्या गोळीनं रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्के कमी होतं. अमेरिकेत १९९७ पासून याच कामासाठी मंजूर आहे. पण थोड्या जणांना सेक्सची इच्छा कमी होणं, ताठरतेचा त्रास असं होतं, काहींना उदास वाटतं, आणि क्वचित गोळी थांबवल्यावरही त्रास राहिल्याच्या तक्रारी आहेत. म्हणून मित्राच्या पाकिटातली घेऊ नका, प्रिस्क्रिप्शननंच घ्या. बायको गरोदर असेल तर फुटलेल्या गोळीला तिचा हात लागू देऊ नका, पोटातल्या मुलग्याला धोका असतो. पुढे कधी प्रोस्टेटची पीएसए टेस्ट केलीत तर गोळी चालू आहे हे सांगा, आकडा निम्मा दिसतो.

माक्याचं तेल, जास्वंद, कांद्याचा रस... आईचं मन राखायला लावा, केस मऊ होतील, पण डीएचटी त्यांना दाद देत नाही. बायोटिनच्या गोळ्याही कमतरता नसेल तर फुकट, वर जास्त डोसमुळे थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात.

हेअर ट्रान्सप्लांट अगदी शेवटी. त्यात नवीन केस तयार होत नाहीत, मागचे काढून पुढे लावतात, आणि मागचा साठा मर्यादित असतो. बाविसाव्या वर्षी पुढची लाइन खाली आणून घेतली आणि मागचं गळत राहिलं तर पुढे एक पट्टा, मागे मोकळं मैदान, म्हणून आधी औषधांनी गळती थांबवा आणि ट्रान्सप्लांटनंतरही औषधं चालू ठेवा. लावलेले केस पहिल्या महिन्यात गळतात, घाबरू नका, तीन-चार महिन्यांनी उगवायला लागतात, पूर्ण रिझल्टला वर्ष लागतं. ऑफरच्या जाहिराती बघून पैसे भरण्याआधी तोंडावर विचारा, भूल कोण देणार, छेद डॉक्टर स्वतः घेणार की टेक्निशियन, आणि मध्येच काही बिघडलं तर पेशंटला कुठे हलवणार? उत्तर देताना क्लिनिकचा काउन्सेलर घुटमळला तर चहा पिऊन निघून या.