हॅझमॅटची परीक्षा देताय? मग या चुका टाळा

अमेरिकेत ट्रक चालवणारे आपले मराठी लोक मोजकेच, पण त्यातल्या दोघातिघांनी मला एवढ्यात एकच प्रश्न विचारला, हॅझमॅटची, म्हणजे धोकादायक माल (हॅझार्डस मटेरियल) ट्रकने न्यायच्या परवानगीची, परीक्षा अवघड असते का हो. अवघड नाहीये. बहुतेक राज्यांत ३० प्रश्न असतात, २४ बरोबर आले की पास, सगळे पर्यायवाले. तरी मी पहिल्या खेपेला २२ वर आपटलो होतो, त्यामुळे माणूस कुठे आपटतो ते मला नीट माहितीये.

सगळ्यात महागात पडणारी चूक अभ्यासातली नसतेच, कुठलं काम आधी करायचं त्यातली असते. ७ फेब्रुवारी २०२२ पासून पहिल्यांदा एच एंडोर्समेंट (लायसन्सवरची हॅझमॅटची नोंद) घेणाऱ्याला परीक्षेच्या आधी थिअरी ट्रेनिंग कंपल्सरी आहे, तेही एफएमसीएसएच्या (ट्रकवाहतुकीचे नियम करणारी केंद्रीय संस्था) रजिस्ट्रीत नाव असलेल्या ठिकाणीच, आणि तुमचं ट्रेनिंग झालंय हे त्यांनी ऑनलाइन कळवलं नसेल तर परीक्षेच्या खिडकीवरनं तसंच परत यायचं. शिवाय टीएसएची (वाहतूक सुरक्षा बघणारी केंद्रीय संस्था) तपासणी, बोटांचे ठसे वगैरे. टीएसए स्वतःच सांगते की निदान ६० दिवस आधी अर्ज करा, आणि आपली मंडळी नव्या कंपनीला जॉइनिंगची तारीख देऊन बसतात आणि मग ठसे द्यायला जातात. ठसे आधी की पेपर आधी हे राज्याराज्यात वेगळं असतं, तेवढं आपल्या राज्याच्या साइटवर बघून घ्या.

आता अभ्यास. फुकटच्या ॲपवर प्रश्न घोकत बसू नका, म्हणजे सराव करा पण सीडीएल (ट्रकचं व्यावसायिक लायसन्स) मॅन्युअलचं नववं सेक्शन वाचून झाल्यावर. काही ॲपवर अजून जुने नियम आहेत. उदाहरणार्थ टायर दर दोन तासांनी किंवा १०० मैलांनी तपासायचे, हे जुनं झालं. आता ट्रिप सुरू करताना आणि गाडी पार्क कराल त्या प्रत्येक वेळी तपासायचे, आणि हवा बघायची ती गेज लावूनच, लाथ मारून किंवा दांडका आपटून नाही.

आपल्या लोकांची एक खास अडचण म्हणजे आपण सगळ्याला लेबलच म्हणतो. परीक्षेत लेबल वेगळं, मार्किंग वेगळं, प्लेकार्ड वेगळं. लेबल म्हणजे खोक्यावर किंवा ड्रमवर चिकटवलेला तो छोटा चौकोन, मार्किंग म्हणजे त्यावर लिहिलेलं मालाचं नाव, यूएन नंबर (त्या मालाचा ठरलेला आंतरराष्ट्रीय आकडा) वगैरे, आणि प्लेकार्ड म्हणजे गाडीच्या चारही बाजूंना लावायची मोठी पाटी. (आपल्याकडे हायवेला पेट्रोलच्या टँकरवर १२०३ आकडा बघितला असेल, तो यूएन नंबर, इथेही पेट्रोलला तोच आहे.) हे तीन शब्द डोक्यात पक्के नसतील तर कोणाचं काम काय हे प्रश्न हमखास चुकतात. पॅक करणं, मार्किंग आणि लेबल लावणं, शिपिंग पेपर (काय माल आहे त्याचे कागद) बनवणं, प्लेकार्ड पुरवणं, हे सगळं माल पाठवणाऱ्याचं. ते प्लेकार्ड गाडीला लावणं मात्र ड्रायव्हरचं. मी इथेच दोन मार्क घालवले, कारण पुरवणार कोण आणि लावणार कोण हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे वाचतानाच लक्षात आलं नाही.

कुठल्या मालाला प्लेकार्ड कधी लागतं त्याचे दोन टेबल आहेत, तिथे थोडा वेळ घालवाच. टेबल १ मधला माल, उदाहरणार्थ १.१ ते १.३ ची स्फोटकं (हे आकडे म्हणजे धोक्याप्रमाणे पाडलेले मालाचे क्लास), २.३ चा विषारी वायू, ४.३ म्हणजे पाणी लागलं की धोकादायक होणारा माल, असला, तर चिमूटभर असला तरी प्लेकार्ड हवं. टेबल २ ला १,००१ पाउंडांपासून पुढे. लोकांना वाटतं हे १,००१ प्रत्येक क्लासचं वेगळं मोजायचं. तसं नाहीये, टेबल २ चा सगळा माल एकत्र, पॅकिंगसकट. समजा ज्वलनशील द्रवाचे ड्रम ६०० पाउंड आणि ॲसिड ५०० पाउंड, एकेकटं बघितलं तर दोन्ही कमी पण बेरीज १,१००, म्हणजे प्लेकार्ड लागलं. अशा मिश्र मालाला दोन वेगवेगळ्या पाट्यांऐवजी एकच ‘डेंजरस’ पाटी चालते, फक्त एकाच ठिकाणी एकाच क्लासचा २,२०५ पाउंड किंवा जास्त माल चढवला असेल तर त्या मालाला त्याचीच पाटी लावावी लागते. आणि १,००१ ची सूट टँकरसारख्या बल्क मालाला नाही.

फुटांचे आकडे नुसते पाठ केले की परीक्षेत एकमेकांत गुंततात. त्यापेक्षा चित्र डोळ्यासमोर आणा. १.१ ते १.३ ची स्फोटकं भरलेली गाडी पूल, बोगदा, इमारत यांपासून ३०० फूट लांब उभी करायची. इतर प्लेकार्डवाली गाडी रस्त्याकडेला थांबवली तर लक्ष ठेवणारा गाडीत किंवा १०० फुटांच्या आत, गाडी दिसेल असा आणि जागा हवा, स्लीपरमध्ये (केबिनमधल्या झोपायच्या जागेत) झोपलेला पार्टनर चालत नाही. स्फोटकं, पेट्रोल असल्या मालाजवळ बिडी-सिगरेट २५ फुटांच्या आत नाही. रेल्वे फाटकाला रुळापासून १५ ते ५० फुटांत थांबायचं आणि रूळ ओलांडताना गिअर बदलायचा नाही. अग्निशामकाचं रेटिंग प्लेकार्डवाल्या गाडीला १० बीसी (बी म्हणजे पेट्रोलसारख्या द्रवाची आग, सी म्हणजे विजेची), साध्या ट्रकला ५ बीसी असलं तरी चालतं, आणि पर्यायांत दोन्ही दिलेले असतात.

शिपिंग पेपरचा प्रश्न जवळजवळ येतोच. गाडी चालवताना बेल्ट लावलेला असताना हात पोचेल असा, उतरलात तर सीटवर किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खिशात. तुमच्या शर्टाच्या खिशात नाही, कारण अपघातात तुम्ही बेशुद्ध असाल तर फायरब्रिगेडवाला शोधणार कुठे?

एच हातात आलं की सुटलो असं वाटतं पण दर रिन्यूअलला हा पेपर परत द्यावा लागतो. माझं पुढच्या वर्षी आहे आणि १,००१ सोडून बाकी आकडे मी आत्ताच विसरायला लागलोय.