जुन्या बुलेटचं कॉम्प्रेशन वाढवताना या चुका टाळा

कास्ट आयर्न बुलेट 350 चं इंजिन खोललं की कोणीतरी सुचवतंच, "हेड थोडं घासून घ्या, पिकअप वाढेल." न मोजता हेड (सिलिंडरवरचं झाकण) लेथवर चढवणं ही सगळ्यात महागडी चूक. घासलेलं मटेरियल परत येत नाही.

आधी हिशेब करा. बोअर (सिलिंडरचा व्यास) 70 मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) 90 मिमी, म्हणजे 346 सीसी. पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) असताना वर 63 सीसी जागा उरत असेल, तर कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 346 अधिक 63, म्हणजे 409, भागिले 63, म्हणजे 6.5. ही जागा पुस्तकातल्या आकड्यावरून धरू नका. आधीच्या मालकांनी हेड किती वेळा घासलंय कोणाला ठाऊक! हेड बसवण्याआधी पिस्टनच्या कडेने ग्रीस लावा, म्हणजे रिंगांतून ऑइल झिरपणार नाही. हेड कसल्यावर दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून पिस्टन टीडीसीला आणा, प्लगचं भोक सगळ्यात वर येईल असं इंजिन कलतं करा आणि ब्युरेटने (मापाच्या खुणा असलेल्या नळीने) पातळ ऑइल प्लगच्या सगळ्यात खालच्या आट्यापर्यंत भरा. जेवढं मावलं तेवढी जागा.

बोअरिंगचा (सिलिंडर रुंद करण्याचा) परिणाम विसरू नका. 1 मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकला की हेडला हात न लावताही रेशो 6.6 च्या वर जातो. वर हेडही 1 मिमी घासलं तर 7 होतो. आयर्न सिलिंडर उष्णता सावकाश सोडतो, त्यामुळे रोजच्या गाडीला माझ्या मते 7 ते 7.5 पुष्कळ झालं.

कॉम्प्रेशन गेजचा आकडा म्हणजे रेशो नव्हे. गेज कमी दाखवत असेल तर आधी रिंगा आणि व्हॉल्व्ह सीट तपासा. तिथली गळती हाय कॉम्प्रेशन पिस्टनने थांबत नाही.

आता रेशो प्रमाणाबाहेर वाढलाच असेल तर? घाटात टॉप गिअरमध्ये थ्रॉटल उघडल्यावर टणटण असा धातूचा आवाज येतो. प्लग काढून पांढऱ्या पोर्सेलिनकडे भिंगातून बघा: मोहरीहूनही बारीक चंदेरी ठिपके दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. गाडी तिथेच थांबवा. टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) थोडं मागे घ्या, कार्बन साफ करा, मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) नाही ना ते बघा. E20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोल) चा ऑक्टेन चांगला असतो, पण कार्ब्युरेटरमध्ये जुनाच जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) ठेवला तर मिश्रण पातळ होतं. एवढं करूनही आवाज राहिला तर सिलिंडरखाली प्लेट टाकून जागा वाढवा आणि पुशरॉड पुन्हा ॲडजस्ट करा.