एक्स कुठं, वाय कुठं? सर्व्हे, ड्रोन अन् सीएनसी लाइनला नवीन येणाऱ्यांसाठी थोडं

गावाकडून आयटीआय नाहीतर पॉलिटेक्निक करून सर्व्हे, ड्रोन, जीआयएस (कॉम्प्युटरवरचे नकाशे), सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंगच्या मशीन) अशा लाइनला येणारी पोरं बरीच विचारतात, भाऊ आधी कोणतं सॉफ्टवेअर शिकू. सॉफ्टवेअर हातात बसते राजेहो, त्याचं टेन्शन नका घेऊ. आधी डोक्यातून एक गोष्ट काढा, ती म्हणजे एक्स कायम उजवीकडं अन् वाय कायम वर. ते शाळेतल्या ग्राफ पेपरपुरतं, बाहेर प्रत्येक धंद्यानं आपापल्या सोयीनं अक्ष लावून घेतलेत आणि त्यात कोणीच चूक नाहीये, फक्त समोरच्यानं कसे लावलेत हे आपल्याला माहीत पाहिजे.

मी डिप्लोमा सिव्हिल करून दारव्ह्याकडं पाइपलाइनच्या सर्व्हेला लागलो, तिथंच हे पहिल्यांदा समोर आलं. गणितात कोन मोजायचा तो एक्स अक्षापासून, घड्याळाच्या उलट. सर्व्हेत बेअरिंग, म्हणजे रेघेची दिशा, मोजायचं ते उत्तरेपासून, घड्याळाच्या दिशेनं. म्हणजे वहीतलं ६० अंशाचं बेअरिंग गणिताच्या भाषेत ३० अंश, ९० मधून वजा केलं की झालं, उत्तर मायनस आलं तर ३६० मिळवायचे. ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर गणिताच्या बाजूचं, त्याचा शून्य पूर्वेला आणि कोन उलटा फिरतो, पण युनिट्स कमांडमध्ये जाऊन कोणीही ते बदलून ठेवू शकतो, म्हणून दुसऱ्याची ड्रॉइंग हातात आली की रेघ मारायच्या आधी युनिट्स उघडून बघायचं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) अन् ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर) यांच्या क्रमात. टोटल स्टेशन म्हणजे सर्व्हेच्या मोजणी यंत्रातून जी सीएसव्ही (आकड्यांच्या कॉलमची फाइल) निघते तिच्यात बहुतेक वेळा पॉइंट नंबर, मग नॉर्दिंग, मग ईस्टिंग, मग लेव्हल असा क्रम असतो, आणि कॅडला पाहिजे आधी एक्स म्हणजे ईस्टिंग. आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या एका पोरानं फाइल तशीच ओढली. स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं, धुरे जुळले, क्षेत्रफळ तेवढंच, अंतरंही बरोबर. वावराचे मालक काका बाजूला उभे होते, ते लॅपटॉपमध्ये वाकून म्हणाले, "हे माहं वावर नाही बाप्पा. गावातून येतानी विहीर पांदणीच्या डाव्या हाताले लागते, इथं तं उजव्या हाताले दिसून रायली." पोराला वाटलं ड्रॉइंग फिरलंय, त्यानं ९० अंश फिरवून पाहिलं, मग १८०, विहीर काही जागेवर येईना. येणारच नाही, कारण एक्स-वायची अदलाबदल म्हणजे फिरवणं नाही, आरशात पाहणं आहे, डाव्या पायाची चप्पल कितीही फिरवा ती उजवी होत नाही तसं. क्षेत्रफळ अन् अंतरं आरशातही बदलत नाहीत, म्हणून नुसते आकडे तपासून हे सापडत नाही, डावं-उजवं तपासावं लागते. शेवटी कॉलम बदलून फाइल परत ओढली आणि काम झालं.

आपल्या भागात याला एक सोपी ओळख आहे. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे झोन पाडून मीटरमध्ये जागा सांगायची पद्धत, तिच्यात नॉर्दिंग विषुववृत्तापासून मोजतात, त्यामुळं यवतमाळ-दारव्ह्याकडं ते साडेबावीस लाखाच्या आसपास, म्हणजे ७ आकडी येते, ईस्टिंग मात्र ६ आकडीच. पॉइंट नंबरनंतरच्या पहिल्या कॉलममध्ये ७ आकडी दिसलं की समजून घ्या, नॉर्दिंग आधी आहे.

यूटीएमचं नाव निघालंच आहे तर आपल्या विदर्भाची खास भानगड सांगतो. हे झोन ६-६ अंशांचे असतात आणि झोन ४३ अन् ४४ ची हद्द आहे ७८ अंश रेखांश, ती बरोबर आपल्या विदर्भातून जाते. अकोला, अमरावती, दारव्हा झोन ४३ मध्ये, यवतमाळ, वर्धा, नागपूर झोन ४४ मध्ये. प्रत्येक झोनच्या मधल्या रेखांशाला ईस्टिंग ५,००,००० धरतात आणि तिथून पूर्वेला वाढत जाते. आता गंमत बघा, दारव्ह्याचं ईस्टिंग येते ७ लाख ८९ हजाराच्या घरात आणि त्याच्या पूर्वेला असलेल्या यवतमाळचं जवळपास २ लाख! ईस्टिंग पूर्वेकडं वाढते हे पाठ केलेला पोरगा इथं चक्रावतोच. काम हद्दीवर असेल तर सगळं एकाच झोनमध्ये घ्यायचं आणि फाइलच्या नावातच झोन लिहायचा.

अक्षांश-रेखांशाचंही तसंच आहे. गूगल मॅपवरून कॉपी केलं की अक्षांश आधी येते, पण केएमएल आणि जिओजेसन या नकाशाच्या फाइलींमध्ये रेखांश आधी लिहितात. उलटं पडलं तर यवतमाळचा पॉइंट जाऊन पडतो पार नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्ड बेटांपाशी बर्फात. ही चूक बरी, लगेच दिसते तरी.

ड्रोनवाल्यांचं प्रकरण पहिल्यांदा ऐकलं की माणूस हसतो. ऑटोपायलटमध्ये एक्स उत्तरेला, वाय पूर्वेला आणि झेड खाली जमिनीकडं, म्हणजे ड्रोन ५० मीटर उंच गेला की झेड मायनस ५०. काऊन? उजव्या हाताचा नियम लावून बघा, म्हणजे बोटं एक्सकडून वायकडं वळवा, अंगठा दाखवतो तो झेड. उत्तर आधी अन् पूर्व नंतर घेतली की अंगठा खालीच जाते, आणि झेड खाली असल्यामुळं त्याच्याभोवतीचा पॉझिटिव्ह कोन उत्तरेकडून पूर्वेकडं फिरतो, म्हणजे हेडिंग (ड्रोनचं तोंड कुठं आहे तो कोन) अन् होकायंत्र एका दिशेनं चालतात. रोबोटवाले मात्र एक्स पुढं, वाय डावीकडं अन् झेड वर धरतात. आणि दक्षिण आफ्रिकेच्या सर्व्हेत तर एक्स दक्षिणेला अन् वाय पश्चिमेला वाढतो, तेव्हा आपलं बरंच म्हणायचं.

ड्रोननं काढलेल्या फोटोत ओरिजिन वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि वाय खाली वाढतो. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये किरण वरून डावीकडून ओळीओळीनं खाली यायचा, तीच सवय कॉम्प्युटरला राहिली. म्हणून फोटो नकाशावर कुठं बसवायचा हे सांगणाऱ्या, फोटोसोबतच्या वर्ल्ड फाइलमध्ये चौथ्या ओळीत मायनस आकडा असतो, तो बघून फाइल खराब आहे म्हणून मायनस पुसू नका, नकाशा उलटा होते.

नागपूरजवळ बुटीबोरीच्या कारखान्यांत सीएनसीवर जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की झेड कायम स्पिंडलच्या (फिरणाऱ्या दांड्याच्या) रेषेत, व्हीएमसी म्हणजे उभ्या मिलिंग मशीनमध्ये उभा अन् लेथमध्ये आडवा, आणि टूल जॉबपासून (कापायच्या तुकड्यापासून) लांब गेलं की झेड प्लस. एक्स प्लस दिला अन् टेबल डावीकडं सरकलं तर घाबरू नका, हिशोब टूलचा असतो, टेबलाचा नाही. थ्रीडीवाल्यांचं तर विचारूच नका, ब्लेंडर या मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये झेड वर, युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वाय वर अन् त्यात भर डाव्या हाताचा नियम, मॉडेल आडवं पडलेलं दिसलं की कारण हेच.

कोणतीही नवी फाइल आली की आधी ओळखीचे तीनच पॉइंट टाका, समजा गावातलं देऊळ, फाट्यावरचा पूल आणि एखादी विहीर, आणि सॅटेलाइटशी जुळवून बघा की देवळाकडून पुलाकडं जाताना विहीर कोणत्या हाताला येते, हाताचा मेळ बसला तरच बाकीचे हजार पॉइंट ओढा.