उन्हाळ्यात समृद्धीवर निघण्याआधी फ्युएल पंपाची तपासणी

शिर्डीला जायचं ठरलं की टायरची हवा बघितली जाते, कूलंट बघितलं जातं, एसीचा गॅस भरून होतो. टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत ढकलणारा फ्युएल पंप मात्र पेट्रोल गाडीच्या टाकीत बुडालेला असतो, म्हणून तो कुणाच्या यादीत येत नाही. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढलं की शिर्डीपर्यंत सुमारे ५२० किलोमीटर आहेत. तिथे भर दुपारी लेकराबाळांसह अडकण्यापेक्षा निघण्याच्या आठवडाभर आधी पंपाकडे बघा. थकलेला पंप बहुतेक वेळा आधी खुणा देतो.

सुरुवात सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीपासून करा. एसीचा पंखा आणि गाणी बंद ठेवा, किल्ली ऑनवर न्या, पण सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूंऽऽ ऐकू येईल आणि थांबेल. तो पंप लाइनमध्ये, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीत, प्रेशर भरत असतो. काही गाड्यांत हे दार उघडताच होतं, म्हणून तेव्हाही कान द्या. आवाजच आला नाही, तर पंपाला दोष देण्याआधी फ्यूज आणि रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) बघून घ्या. गाडी चालू असताना हाच आवाज वाढून किरकिरा झाला असेल, तर पंप झिजत चालला आहे किंवा त्याची जाळी चोक झाली आहे असं समजा.

मग सेल्फ मारा. सेल्फच रडत फिरत असेल तर आधी बॅटरी बघा. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडायला वेळ लावतं, असं असेल तर किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ करून पुन्हा सेल्फ मारा. आता एका झटक्यात चालू झाली, तर रात्रीतून लाइनचं प्रेशर उतरतंय. हे पंपातल्या व्हॉल्व्हमुळे होतं, कधी इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या गळक्या इंजेक्टरमुळेही.

खरी परीक्षा मात्र लोडवर होते, आणि माझ्या मते ही चाचणी सगळ्यांत महत्त्वाची आहे. सीताबर्डीच्या गर्दीत इंजिनाला पेट्रोल लागतं किती? तिथे अर्धमेला पंपही निभावून नेतो. घरची माणसं बसवा, एसी लावा आणि दुपारी वर्धा रोडवर खापरीच्या पुढे बुटीबोरीकडे जा. मोकळ्या रस्त्यावर, मर्यादेच्या आत, वेग सलग वाढवत न्या. ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी दम तोडते, झटके खाते आणि पाय सैल केला की सुरळीत होते, तर पेट्रोल कमी पोहोचतंय. तापल्यावर बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने निमूट चालू होणारी गाडी तर लांबच्या प्रवासाला नेऊच नका. मे अखेरीच्या नवतपाच्या दिवसांत नागपुरात पारा ४५ च्या आसपास असतो, आणि पंपाची मोटर भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहते. म्हणून रिझर्व्हवर गाडी फिरवायची सवय सोडा. टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नका. समृद्धीवर तर पेट्रोल पंप दिसला की भरून घ्या.

यातली एखादी खूण दिसली तर मेकॅनिककडे प्रेशर गेज लावून मागा. साध्या इंजेक्शनच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ३ ते ४ बार प्रेशर असतं, पण तुमच्या मॉडेलचा आकडा कंपनीच्या माहितीवरूनच जुळवा. डिझेल आणि डायरेक्ट इंजेक्शन गाड्यांचं गणित वेगळं असतं. स्कॅनरवर पी००८७ कोड आला, तर रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना इंधन वाटणाऱ्या नळीत, प्रेशर कमी पडतंय. कोड बघून लगेच पंप बदलू नका. चोक झालेला फिल्टर, सैल कनेक्टर, खराब प्लग किंवा कॉइल यांनीही गाडी अशीच मिसिंग मारते, आणि हजारो रुपयांचा नवा पंप बसवूनही त्रास तसाच राहतो. घरी लाइन खोलायचा प्रयत्न तर मुळीच नको. आत प्रेशर असतं, आणि उन्हात उडालेल्या पेट्रोलला एक ठिणगी पुरे.

डिक्कीत जास्तीचे फ्यूज, गाडीला चालणारा रिले आणि भरपूर पाणी ठेवा. समृद्धीचा मदत क्रमांक मोबाइलमध्ये आधीच टाकून घ्या. पंप बदललाच असेल, तर निघण्याआधी त्याच दुपारच्या उन्हात, तेवढ्याच माणसांनिशी बुटीबोरीपर्यंत पुन्हा एक फेरी मारा.