फॅन्टसी बास्केटबॉल: सोमवार ते रविवार, आठवडा कसा लढवावा

फॅन्टसी बास्केटबॉल खेळणारे ड्राफ्टसाठी, म्हणजे मोसमाआधी आळीपाळीने खेळाडू निवडण्यासाठी, महिनाभर डोकं खपवतात आणि पुढचे पाच महिने टीम वाऱ्यावर सोडतात. मला याचं वाईट वाटतं, कारण खरा खेळ ड्राफ्टनंतरच सुरू होतो. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, ३० संघ आहेत, प्रत्येकाचे ८२ सामने, आणि ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत जवळजवळ रोज कुठे ना कुठे सामना असतोच. एवढ्या लांबलचक मोसमात पहिल्या फेरीत आपल्याला कोण मिळालं, यापेक्षा दर आठवड्याला आपण किती लक्ष दिलं याने जास्त फरक पडतो. आणि लक्ष द्यायचं ते मुख्यतः दोन गोष्टींकडे: वेळापत्रक आणि मिनिटं. गुणांचे आकडे त्यांच्या मागोमाग येतात.

नव्याने खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. दहा-बारा मित्र मिळून लीग करतात, प्रत्येक जण खऱ्या खेळाडूंमधून आपली टीम निवडतो आणि त्या खेळाडूंनी प्रत्यक्ष सामन्यात केलेले आकडे आपल्या खात्यात जमा होतात. ही कल्पना रुजली ती बेसबॉलमध्ये. १९८० साली लेखक डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी न्यूयॉर्कच्या ‘ला रोटिसरी फ्रान्सेज’ या रेस्टॉरंटवरून आपल्या लीगचं नाव ठेवलं. मोसमभराच्या बेरजेवर चालणाऱ्या लीगला आजही ‘रोटो’ म्हणतात ते त्यावरूनच. मी मात्र इथे ‘हेड-टू-हेड’बद्दल लिहितोय: दर आठवड्याला एक नवा प्रतिस्पर्धी, सोमवार ते रविवार हिशेब, पुढच्या सोमवारी पाटी कोरी. तीही पैसे न लावता, मित्रांमध्ये खेळायची लीग.

पायरी १: गुण कसे मोजतात ते आधी वाचा

ऐकायला साधं वाटतं, पण निम्म्या चुका इथेच होतात. ‘पॉइंट्स’ लीगमध्ये प्रत्येक गोष्टीला ठरावीक वजन असतं आणि सगळ्याची एकच बेरीज होते. ‘कॅटेगरी’ लीगमध्ये साधारणपणे नऊ रकाने असतात: पॉइंट, रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर चेंडू पकडणं), असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास), स्टील (चेंडू काढून घेणं), ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं), थ्री-पॉइंटर (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट), फील्ड गोलची (चालू खेळातल्या शॉटची) टक्केवारी, फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची) टक्केवारी आणि टर्नओव्हर (चेंडू समोरच्याकडे घालवणं; हे जितके कमी तितके चांगले). नऊपैकी पाच जिंकले की आठवडा आपला.

यामुळे एकाच खेळाडूची किंमत दोन लीगमध्ये वेगळी होते. व्हिक्टर वेम्बान्यामाने २०२३-२४ च्या आपल्या पहिल्याच मोसमात सामन्यामागे ३.६ ब्लॉक केले. कॅटेगरी लीगमध्ये असा एक माणूस ब्लॉकचा अख्खा रकाना ओढून नेतो. पॉइंट्स लीगमध्ये तेच ब्लॉक मोठ्या बेरजेत मिसळून जातात. तिथे भरपूर शॉट मारणारा, चेंडू सतत हातात असणारा खेळाडू जास्त उपयोगी पडतो.

पायरी २: रविवारीच पुढच्या आठवड्याचे सामने मोजा

आठवड्याला बहुतेक संघ तीन किंवा चार सामने खेळतात, कधी दोनच. सामन्यामागे ३० फॅन्टसी गुण करणारा खेळाडू दोन सामने खेळला तर ६० होतात. २० करणारा चार खेळला तर ८०. हा हिशेब टीममधल्या शेवटच्या दोन-तीन जागांसाठी आहे, हे मात्र लक्षात ठेवा. निकोला योकिचसारख्या बड्या खेळाडूचे दोनच सामने आहेत म्हणून त्याला कोणी सोडत नाही.

पण नुसते सामने मोजून भागत नाही, ते कोणत्या वारी आहेत तेही बघावं लागतं. मी दर रविवारी कागदावर सात रकाने आखतो, वर वार लिहितो आणि डावीकडे माझ्या १३ खेळाडूंची नावं. ज्याचा ज्या दिवशी सामना, तिथे फुली. मग उभी बेरीज. समजा बेरीज अशी आली: सोमवार ७, मंगळवार ४, बुधवार १२, गुरुवार ३, शुक्रवार ११, शनिवार ६, रविवार ७. माझ्या टीममध्ये एका दिवशी १० जणच खेळवता येतात. म्हणजे बुधवारी दोघं आणि शुक्रवारी एक जण बाकावर बसून वाया जाणार आणि गुरुवारी सात जागा रिकाम्या राहणार. अशा आठवड्यात सोमवार-बुधवार-शुक्रवार-रविवार असे चार सामने असलेला नवा खेळाडू घेतला, तर त्याचे प्रत्यक्षात दोनच सामने माझ्या कामाला येतील. मंगळवार-गुरुवार-शनिवार असे तीनच असलेला खेळाडू मात्र तिन्ही सामने खेळेल. तीनवाला चारवाल्यापेक्षा जास्त देऊन जातो, आणि हे यादीतल्या सरासरीच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

हीच युक्ती पुढे नेली की त्याला ‘स्ट्रीमिंग’ म्हणतात. टीममधली शेवटची जागा कायम मोकळी समजायची. मंगळवार-गुरुवारसाठी एक खेळाडू घ्यायचा, शुक्रवारी त्याला सोडून शनिवार-रविवार खेळणारा दुसरा घ्यायचा. एका जागेत दोन माणसांचे चार सामने बसतात. फक्त लीगमध्ये आठवड्याला किती बदल करता येतात ते पाहून ठेवा. सगळे बदल बुधवारपर्यंत संपवलेत तर रविवारी हात बांधलेले राहतात. मी एक बदल रविवारसाठी कटाक्षाने राखून ठेवतो.

पायरी ३: बॉक्स स्कोअरमध्ये आधी मिनिटं वाचा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच.

बॉक्स स्कोअर म्हणजे सामन्यानंतरचा प्रत्येक खेळाडूच्या आकड्यांचा तक्ता. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, मैदानावर एका वेळी पाच जण. म्हणजे ओव्हरटाइम झाला नाही तर प्रत्येक संघाकडे वाटायला बरोबर २४० मिनिटं असतात. हा आकडा वाढत नाही. रोज ३६ मिनिटं खेळणारा एखादा जखमी झाला की ती ३६ मिनिटं दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला जाणारच. ती कोणाकडे जातात हे सगळ्यांच्या आधी ओळखणं, एवढंच आपलं काम.

म्हणून सामना संपल्यावर २५ पॉइंट कोणी केले ते नंतर बघा. आधी बघा की काल १६ मिनिटं खेळलेला आज ३१ कसा खेळला. १८ मिनिटांत २२ पॉइंट करणाऱ्याचे शॉट त्या रात्री नुसते पडत होते. पुढच्या सामन्यात तो ६ वर येतो. ३१ मिनिटं खेळून ९ पॉइंट करणाऱ्यावर कोचने विश्वास टाकलेला असतो, आणि आकडे दोन-तीन सामन्यांत त्या विश्वासाच्या मागे येतात.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण अजूनही जेरेमी लिनचंच. डिसेंबर २०११ मध्ये दोन संघांनी त्याला सोडलं होतं आणि न्यूयॉर्क निक्सच्या बाकावर तो जवळजवळ शेवटचा होता. ४ फेब्रुवारी २०१२ ला न्यू जर्सी नेट्सविरुद्ध तो बाकावरून उतरला आणि सुमारे ३६ मिनिटं खेळला: २५ पॉइंट, ७ असिस्ट, ५ रिबाउंड. त्या रात्री २५ पॉइंटचं कौतुक सगळ्यांनी केलं. पण फॅन्टसी खेळणाऱ्याने बघायचा आकडा होता ३६. संघाला पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू हाताळून खेळ चालवणारा खेळाडू, सापडत नव्हता आणि कोचने ती जागा या मुलाच्या हातात दिली होती. पुढच्याच सामन्यात तो पहिल्या पाचात होता, आणि १० फेब्रुवारीला लेकर्सविरुद्ध त्याने ३८ केले. तोवर थांबलेल्यांना तो मिळालाच नाही.

शक्य असेल तेव्हा सामन्याची शेवटची पाच मिनिटं प्रत्यक्ष बघा. मला सिनेमाचंही वेड आहे आणि तिथली एक सवय इथे फार कामी येते. दृश्यात बोलत कोणीही असो, कॅमेरा कोणावर रेंगाळतो त्यावरून दिग्दर्शकाच्या मनात काय आहे ते कळतं. तसंच, दोन गुणांचा फरक असताना कोच कोणाला मैदानावर ठेवतो त्यावरून पुढच्या महिन्याची मिनिटं कळतात. सुरुवातीच्या पाचात नाव असणं हा मान झाला, शेवटच्या पाचात असणं हा भरवसा.

पायरी ४: दुखापतींचा अहवाल रोज बघा

एनबीएच्या नियमानुसार संघाला सहसा सामन्याच्या आदल्या दिवशी, स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी ५ पर्यंत खेळाडूंची स्थिती जाहीर करावी लागते. त्यातले शब्द ओळखीचे करून घ्या. ‘प्रॉबेबल’ म्हणजे बहुधा खेळेल, ‘क्वेश्चनेबल’ म्हणजे काही सांगता येत नाही, ‘डाउटफुल’ म्हणजे बहुधा नाही, ‘आउट’ म्हणजे नाहीच. क्वेश्चनेबल असलेल्या खेळाडूसाठी बाकावर पर्याय तयार ठेवा, आणि तो पर्याय त्याच दिवशी उशिरा सुरू होणाऱ्या सामन्यातला असेल तर उत्तम. पूर्व किनाऱ्यावरच्या सामन्यातला माणूस ऐनवेळी बसला, तर पश्चिम किनाऱ्यावरचा अजून मैदानात उतरायचा असतो.

लागोपाठ दोन दिवस सामने असले की त्याला ‘बॅक-टू-बॅक’ म्हणतात. वय झालेले किंवा नुकतेच दुखापतीतून उठलेले खेळाडू बऱ्याचदा त्यातला एक सामना सोडतात. २०२३-२४ पासून एमव्हीपीसारख्या (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळण्याची अट आली, तरी ही विश्रांती संपलेली नाही. अशा खेळाडूच्या चार सामन्यांच्या आठवड्यात तीनच धरा, आणि त्याच्या बदली खेळाडूचं नाव कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

पायरी ५: कोणता रकाना सोडायचा ते ठरवा

हे फक्त कॅटेगरी लीगसाठी. नऊच्या नऊ रकाने जिंकायचा हव्यास धरला की टीम कशातच धड राहत नाही. त्यापेक्षा एखादा रकाना मनापासून सोडून द्या. फॅन्टसीवाले याला ‘पंट’ करणं म्हणतात.

फ्री थ्रो घ्या. टक्केवारीच्या रकान्यात नुसती टक्केवारी बघून चालत नाही, किती फ्री थ्रो मारले तेही बघावं लागतं. २० जानेवारी २०१६ ला आंद्रे ड्रमंडने ह्यूस्टनविरुद्ध ३६ फ्री थ्रो घेतले आणि १३ टाकले. २३ चुकले, हा एका सामन्यातला विक्रम. समजा आठवडाभर तुमच्या बाकीच्या टीमने १०० पैकी ८० टाकले आहेत. त्यात ही एक रात्र मिसळा: १३६ पैकी ९३, म्हणजे सुमारे ६८ टक्के. एका माणसाने एका रात्रीत आठवडा बुडवला. पण हा रकाना तुम्ही आधीच सोडलेला असेल तर ड्रमंडसारख्या खेळाडूचे रिबाउंड आणि ब्लॉक तुमचेच, आणि इतर लोक त्याला घाबरत असल्यामुळे तो उशिरापर्यंत मिळतो. फ्री थ्रोमध्ये कच्च्या असलेल्या यानिस आंतेतोकुंपोला घेणाऱ्यांनाही हाच विचार करावा लागतो. एक सोडा, फार तर दोन. तीन सोडले की बाकीच्या सहापैकी पाच जिंकावेच लागतात.

पायरी ६: वर्षातले खड्डे आधीच खुणावून ठेवा

डिसेंबरमध्ये एनबीए कपच्या (मोसमाच्या अधेमधे होणारी वेगळी स्पर्धा) बाद फेरीमुळे एका आठवड्यात सामने कमी होतात, आणि कपच्या अंतिम सामन्याचे आकडे नियमित मोसमात धरत नाहीत. फेब्रुवारीत ऑल-स्टारची, म्हणजे निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्यासाठीची, सुट्टी येते. बऱ्याच लीग तिथे दोन आठवड्यांचा मिळून एक करतात. फेब्रुवारीतच ट्रेडची, म्हणजे संघांनी आपसात खेळाडू बदलण्याची, मुदत संपते. २०२५ मध्ये लुका डॉन्चिच डॅलसहून लेकर्सकडे गेला तेव्हा एका रात्रीत दोन संघांची मिनिटं नव्याने वाटली गेली. मुदत संपत आली की फोन हाताशी ठेवा.

मोसमाच्या अगदी शेवटच्या आठवड्यात, ज्या संघांचं स्थान पक्कं झालंय ते आपल्या बड्या खेळाडूंना बसवतात. तुमच्या लीगची अंतिम लढत त्याच आठवड्यात ठेवली असेल तर मोसम सुरू व्हायच्या आधीच ती एक आठवडा अलीकडे घ्यायला सगळ्यांना राजी करा. पाच महिन्यांची मेहनत अशा आठवड्यात जाताना मी पाहिली आहे.

पायरी ७: रविवारी रकाना-रकाना वाचा

रविवार सकाळपर्यंत चित्र स्पष्ट झालेलं असतं. काही रकाने जिंकल्यात जमा, काही हरल्यात जमा, दोन-तीन काट्यावर. फक्त त्या दोन-तीनांकडे बघा. स्टीलमध्ये एकाने मागे असाल तर राखून ठेवलेला बदल आता वापरा आणि चेंडू काढून घेणारा गार्ड आणा, त्याने पॉइंट किती केले याची फिकीर नको. टर्नओव्हर किंवा फ्री थ्रोची टक्केवारी थोडक्यात हातात असेल आणि बाकीचं ठरलेलं असेल, तर उरलेल्या खेळाडूंना बाकावर बसवणंही रास्त आहे. एका मोसमात टर्नओव्हरमध्ये मी तीनने पुढे होतो, आठवडा ४-४ वर अडकला होता, आणि रविवारी मी माझ्या गार्डला सवयीने खेळवलं. त्याचे सहा टर्नओव्हर झाले. तेव्हापासून रविवारी प्रत्येक नाव टीममध्ये ठेवण्याआधी मी विचारतो, याचा कोणत्या रकान्याला उपयोग आहे? उत्तर मिळालं नाही तर तो बाकावर.

शेवटचा सामना चालू असतानाच पुढचा कागद ओढून घ्या, सात रकाने आखा आणि गुरुवारपासून मोजायला लागा.