नारिंगी पुस्तकं आणि गंजक्या पिना
ब्रिटनमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात नारिंगी, लवचीक कापडी बांधणीचं पुस्तक दिसलं तर आधी मुखपृष्ठ वाचा. ‘सर्वसामान्यांना विक्रीसाठी नाही’ अशा अर्थाची ओळ असेल, तर ती लेफ्ट बुक क्लबची सभासद-प्रत. प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ यांनी १९३६ साली सुरू केलेला हा क्लब सभासदांना डाव्या विचारांची पुस्तकं पुरवायचा. अशा प्रती हजारोंनी छापल्या गेल्या, त्यामुळे ‘दुर्मीळ’ या एका शब्दावर जादा पैसे मोजू नका. पुस्तकाचा कणा, म्हणजे पानं बांधलेली बाजू, उन्हाने विटलाय का, ते पाहा.

त्या काळातल्या राजकीय पुस्तिका मात्र मिळाल्या की सोडू नका. वाचून टाकून देण्यासाठीच छापलेल्या, म्हणून फार थोड्या टिकल्या. त्यांच्या पिना गंजून कागद खातात. पिना ओढू नका. मागची टोकं हळूच सरळ करून काढा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर कधीच लावू नका.