पिकअपमध्ये १००० वॅटचा इन्व्हर्टर जोडताना

बारा व्होल्टला हात लावला तरी शॉक बसत नाही, म्हणून गाडीतलं वायरिंग बरेच जण हलक्यात घेतात. इथं खरी भीती आगीची आहे. घरच्या २३० व्होल्टवर १००० वॅटची इस्त्री साडेचार अँपिअरसुद्धा घेत नाही. तोच लोड १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टरमधून चालवला की बॅटरीतून १०० अँपिअर ओढले जातात, आणि बॅटरी उतरत गेली की त्याहून जास्त. केबल घासून बॉडीला टेकली, तर चांगली चार्ज असलेली बॅटरी हजारावर अँपिअर सोडते आणि केबलचं आवरण काही सेकंदांत पेट घेतं.

आधी गाडी किती व्होल्टची आहे ते बघा. पिकअप आणि छोटे टेम्पो १२ व्होल्टचे असतात. वारीत दिंडीबरोबर जाणारे मोठे ट्रक बहुतेक २४ व्होल्टचे, म्हणजे दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. तिथं इन्व्हर्टर २४ व्होल्टचाच घ्या. दोनपैकी एकाच बॅटरीवर १२ व्होल्टचा इन्व्हर्टर टाकला, तर ती कायम अर्धवट भरलेली राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते आणि शेवटी दोन्ही बदलाव्या लागतात.

स्टार्टिंगच्या बॅटरीवर इन्व्हर्टर नको. तिच्या प्लेटा पातळ असतात. क्षणभर मोठा करंट देणं हे तिचं काम. खोलवर उतरवली की ती लवकर बसते. शिवाय बहुतेक इन्व्हर्टर १०.५ व्होल्टच्या आसपास बंद होतात, आणि तोवर गाडी सेल्फ मारण्याच्या पलीकडे गेलेली असते. म्हणून १०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) वेगळी डीप सायकल बॅटरी लावा, म्हणजे खोलवर उतरवायला चालणारी. ती अर्धीच वापरायची, म्हणजे २०० वॅटचा लोड अडीच तास चालेल. पूर्ण हजार वॅट टाकले तर अर्ध्या तासाच्या आत ती निम्म्याखाली जाते. स्टार्टिंगची आणि ही नवी, या दोन बॅटऱ्यांच्या मध्ये व्होल्टेज सेन्सिंग रिले (इंजिन चालू होऊन व्होल्टेज वाढलं की दोन्ही जोडणारा, उतरलं की तोडणारा स्विच) टाका आणि त्या जोडणीच्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज लावा, कारण करंट दोन्हीकडून येऊ शकतो. नव्या बीएस ६ गाडीत अल्टरनेटरचं व्होल्टेज सतत कमी-जास्त होत असेल, तर रिले नीट चालत नाही. तिथं डीसी टू डीसी चार्जरच लागतो, तो अल्टरनेटरचं व्होल्टेज कसंही असलं तरी बॅटरीला हवं तेवढं देतो.

केबल ३५ स्क्वेअर एमएमची, बारीक तारांची, पूर्ण तांब्याची घ्या. प्रत्येक बाजूची लांबी दीड मीटरच्या आत ठेवा. १० स्क्वेअरच्या केबलमध्ये १०० अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच जातो, म्हणजे पन्नासएक वॅट उष्णता नुसत्या वायरीत. स्वस्त केबल कापून टोक बघा: आत रुपेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा.

फ्यूज १५० अँपिअरचा, एएनएल किंवा मेगा जातीचा, पॉझिटिव्हवर आणि बॅटरीपासून १५-२० सेंटिमीटरच्या आत. बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा कायम उघड्यावरच राहतो, त्याला कुणाचंच संरक्षण नसतं. म्हणून तो जितका आखूड तितका चांगला. इन्व्हर्टरच्या आत फ्यूज आहे म्हणून बाहेरचा टाळू नका. आतला फ्यूज केबलला वाचवत नाही. घरच्या बोर्डातला एमसीबीही इथं चालत नाही. डीसीची ठिणगी तो तोडू शकत नाही.

लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसणारा भोकाचा धातूचा तुकडा, हातोडीनं ठोकून बसवू नका. हायड्रॉलिक क्रिम्परनं दाबा, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा, मग जोरात ओढून बघा. लग थेट टर्मिनलवर टेकला पाहिजे आणि वॉशर त्याच्या वर. मध्ये वॉशर घातला की तोच तापतो. पत्र्यातून केबल जाते तिथं भोकाच्या कडेला रबर ग्रोमेट (रबरी रिंग) घाला.

काम सुरू करताना दोन्ही बॅटऱ्यांची निगेटिव्ह आधी काढा. निगेटिव्ह सुटलेली असेल तर पॉझिटिव्हवर फिरवताना पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. लावताना उलटं: बॅटरीवर निगेटिव्ह शेवटी. फक्त इन्व्हर्टरच्या टोकाची पॉझिटिव्ह त्याच्याही नंतर, ती कशी ते पुढं आहे. बॅटरीच्या निगेटिव्हवर चार्ज मोजणारा सेन्सर बसवलेला असेल, तर त्या बॅटरीची कुठलीही नवी निगेटिव्ह टर्मिनलवर न घेता चॅसिसच्या बोल्टवर घ्या, नाहीतर गाडीला चार्जचा हिशेब चुकीचा कळतो.

इन्व्हर्टरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) रिकामे असतात, म्हणून पहिल्या जोडणीला मोठी ठिणगी उडते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याच्याजवळ ही ठिणगी नको. शेवटची पॉझिटिव्ह जोडणी इन्व्हर्टरच्या टोकाला, स्विच बंद ठेवून करा. आधी लग आणि टर्मिनलच्या मध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब धरा. तो एकदा चमकून विझला की लग लावा. बल्ब पेटलेलाच राहिला, तर प्लस-मायनस उलटं झालंय किंवा कुठंतरी शॉर्ट आहे. तसाच लग लावलात तर इन्व्हर्टर जळेल.

इन्व्हर्टर बॅटरीच्या डोक्यावर किंवा इंजिनाशेजारी बसवू नका. त्याच्या बॉडीचा अर्थ चॅसिसला द्या. आउटपुटचे २३० व्होल्ट घरच्या इतकेच जीवघेणे आहेत. ते कुठल्याही चालू बोर्डात घुसवू नका.

मग पूर्ण लोडवर वीस मिनिटं चालवा. चालू असतानाच मल्टिमीटरनं बॅटरीच्या टर्मिनलवर आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. फरक ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आला तर एकेका जोडावर मीटर लावून बघा. जिथं आकडा मोठा, तो जोड सैल. गाडीच्या हादऱ्यानं बोल्ट ढिले होतात, म्हणून आठवड्याभरानं सगळे पुन्हा एकदा आवळा.